मध्यंतरापर्यंत गोलशून्य

१

आमच्या पेपराचा एक जुना खंड चोरीला गेल्याचं सगळ्यात आधी मला कळलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज काही वेळेवर घरी जाणं होत नाही.

छत्तीस वर्षं मी या दैनिकात मुद्रितशोधक होते. पान छापायला जाण्याआधी वाचायचं, चुका काढायच्या, खाली सही करायची. मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी कुणाला घेतलंच नाही. चुका आता संगणक काढतो म्हणाले. काढतो, पण काढताना स्वतःच्या चार घालतो. मग पेपराला शंभर वर्षं व्हायची वेळ आली, इतिहासाचं सहाशे पानी पुस्तक करायचं ठरलं, आणि ते वाचणार कोण असा प्रश्न आला. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते सगळ्यांना माहीत आहे. तर ते पाय माझे होते.

तिसऱ्या मजल्यावर मला एक खोली दिली होती. टेबल, दोन खुर्च्या, करकरणारा पंखा. दुपारी तीनला फोरमनकाका यायचे. शिशाचे खिळे जुळवून पानं बांधायच्या काळात ते त्या खात्याचे प्रमुख होते. आता वय चौऱ्याऐंशी, कंबर धरलेली, म्हणून मागे चाकांची पिशवी ओढत. तिच्यात बसायची उशी, पाण्याची बाटली आणि गोळ्या. शताब्दीच्या प्रदर्शनासाठी जुनी अवजारं मांडायचं काम त्यांच्याकडे होतं. ते आटोपलं की माझ्यासमोर बसून हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि मी छापील प्रुफावर नजर फिरवायचे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पाहायचं, ही आमच्या खात्याची जुनी पद्धत.

त्या मंगळवारी काका आले नाहीत, आणि सातवं प्रकरण एकटीने पुन्हा चाळताना मला एकाच घटनेचे दोन वार सापडले. एका पानावर बुधवार, पुढच्यावर गुरुवार. खात्री करायला मी तळमजल्यावरच्या संदर्भ विभागात गेले. तिथे शंभर वर्षांचे अंक तीन-तीन महिन्यांचे खंड बांधून कपाटात उभे लावले आहेत. हवा तो खंड जागेवर दिसत होता; कण्यावर तपकिरी कागद, वर चिठ्ठी. मी ओढला. हलेना. ग्रंथपालाने ओढला, त्यालाही हलेना. शेवटी त्याने पेचकस घालून उचकटला, आणि हातात आल्या लाकडी पट्ट्या. कागदात गुंडाळलेल्या, जाड पट्ट्या मध्ये, बारीक कडेला, अशा गच्च बसवलेल्या की शेजारचा एकही खंड कलला नव्हता.

ग्रंथपाल पट्ट्यांकडे बघत राहिला. "बाई," तो म्हणाला, "माझी नोकरी गेली."

२

त्या खंडात काय होतं ते सांगते. सदतीस वर्षांपूर्वी गोदी कामगारांचा संप चाळीस दिवस चालला होता. एका सकाळी आमच्या पहिल्या पानावर ठळक बातमी आली: संप मिटला, सर्वांनी सात वाजता कामावर हजर व्हावे. संप मिटला नव्हता. बोलणी आदल्या संध्याकाळी सातलाच फिसकटली होती. पेपर वाचून हजारो माणसं गोदीच्या फाटकावर गेली. फाटक बंद होतं, मागून रेटा आला, आणि दोन कामगार चिरडून मेले.

चौकशी एका दुपारीच आटोपली. बाहेर जमाव होता, त्याच्यापुढे कुणाला तरी उभं करायला हवं होतं. रात्रपाळीच्या उपसंपादकाला काढून टाकलं. पुस्तकातलं वाक्य असं होतं: 'रात्रपाळीच्या उपसंपादकाने खातरजमा न करता शेवटच्या क्षणी बातमी बदलली, आणि पेपराच्या इतिहासातील सर्वांत काळा दिवस उगवला.' पुढे त्यांचं नाव, आडनावासकट.

मला तेव्हा नोकरीला लागून आठ महिने झाले होते. मी संध्याकाळच्या पाळीला. साडेआठला घरी गेले, आणि सकाळी सगळ्या गावासारखंच मलाही जे काही कळलं ते पेपरातून कळलं.

संपादकांच्या केबिनमध्ये मी आणि ग्रंथपाल जाऊन उभे राहिलो. संपादक सहा वर्षांपूर्वी टीव्हीवरून आलेले, चाळिशीचे, माणूस वाईट नाही. डोळ्यांखाली मात्र माझ्यापेक्षा जास्त काळं.

"बाई, सोमवारी पुस्तक छपाईला जातंय," ते म्हणाले. "पोलीस नकोत आणि मालकांच्या कानावर नको. तुम्हीच बघा."

"मी प्रुफं बघते, चोर नाही."

"चूकच शोधायची आहे ना?"

"आणि खंड नाही मिळाला तर?"

"तर वाक्य आहे तसं जाईल. ते प्रकरण आणखी लांबावं असं मालकांना वाटत नाही." त्यांनी फोन उलटा ठेवला, सुलटा केला, पुन्हा उलटा ठेवला. "मलाही वाटत नाही, खरं सांगायचं तर."

म्हणजे खंड नाहीसा झाल्याचं या खोलीत फारसं दुःख नव्हतं. मी ते मनात टिपून ठेवलं आणि ग्रंथपालाला जिन्यात गाठलं.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"आणि जेवायला जाताना?"

"दाराच्या मागे खिळ्याला."

"हे किती जणांना माहीत आहे?"

"कुणाला माहीत नाही ते विचारा, बाई. उत्तर लवकर देता येईल."

नऊ वर्षांपूर्वी नोकरीला लागलेला, साधा, जरा घाबरट माणूस. खंड शेवटचा बाहेर काढला होता इतिहास लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी, तीन आठवड्यांपूर्वी; परत केल्याची सही वहीत होती. आणि गेल्या गुरुवारी सकाळी धूळ झटकताना ग्रंथपालाने तो स्वतः हातात घेतला होता.

"एक सांगायचं राहिलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "शुक्रवारी जेवून आलो तर दार उघडं होतं. आत छोट्या जाहिरातींच्या खिडकीवरची बाई होती, त्याच कपाटापुढे."

छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसते ती त्या काढून टाकलेल्या उपसंपादकांची मुलगी.

३

ती तेव्हा सात वर्षांची होती. पुढे कुणाला तरी दया आली आणि तिला इथेच चिकटवून घेतलं. खोली भाड्याने देणे आहे, नाव बदलले आहे, पाकीट हरवले आहे, हे सगळं तिच्या हातून जातं. मी खिडकीशी गेले तर तिने वर न बघताच सांगितलं.

"ताई, मी नाही नेला."

"मी काही विचारलं का?"

"तीन मजले उतरून तुम्ही पाकीट हरवल्याची जाहिरात द्यायला तर आला नाहीत." तिने खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावली आणि मला आत घेतलं. "सकाळपासून सगळे माझ्याकडे बघतायत. चोराची मुलगी नाही म्हणत, एवढंच."

"शुक्रवारी तिथे काय करत होतीस?"

"ते पान बघायचं होतं. आयुष्यभर त्याच्याबद्दल ऐकलं, डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. बाबा हा पेपर घरात येऊ देत नाहीत. माझा पगार येतो, पेपर नाही."

"मग पाहिलंस?"

"खंड निघेचना. वाटलं, मलाच जोर नाही."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणारा माणूस गोष्ट सजवतो. खंड निघेना हे सांगून हिचा काहीच फायदा नव्हता. म्हणजे शुक्रवारी दुपारी तिथे आधीच पट्ट्या होत्या. गुरुवारी सकाळी खंड, शुक्रवारी दुपारी पट्ट्या. चोरी या एका दिवसातली होती.

"बाबा काय म्हणतात?" मी विचारलं.

"एकच वाक्य. पान मला असंच मिळालं. मी दहाला कामावर आलो तेव्हा बातमी पानावर होती, मी काही बदललं नाही. चौकशीत हेच सांगितलं, कुणी ऐकलं नाही. सदतीस वर्षं तेच सांगतायत. आता तर फक्त मला आणि भिंतीला." तिने टेबलावरची टाचणी उचलली आणि परत ठेवली. "ताई, डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. समारंभाआधी पुस्तक सगळ्या जुन्या लोकांना घरपोच जाणार आहे. मी यादी पाहिली, बाबांचं नाव आहे त्यात. वाक्य बदला असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा कुठे आहे? निदान ते गेल्यावर छापा."

"पुस्तक सोमवारी जातंय."

"मग मला रविवारपर्यंत सांगा. टपाल आलं की दारात मी उभी राहीन."

जिना चढताना माझे गुडघे बोलत होते, आणि डोक्यात तिच्या वडिलांचं वाक्य. आजवर मीही ते कधी खरं मानलं नव्हतं. पण समजा, खरंच त्यांना पान असंच मिळालं होतं. मग ते तसं बांधलं कुणी?

४

प्राध्यापक बुधवारी सकाळी स्वतःच आले, छपाईआधी मुखपृष्ठ पाहायला. स्वतःच्या वाक्यांवर फार प्रेम असलेला माणूस. मी त्यांचं एखादं विशेषण काढलं की दोन दिवस बोलायचे नाहीत.

"मॅडम, मी खंड परत केलाय. वहीत सही आहे."

"माहीत आहे. त्या पानाचा फोटो काढलात?"

"फोटोवर माझा विश्वास नाही. मी टिपणं काढतो. पानाचा कोपरान् कोपरा टिपला आहे मी. वाचकाला तो दिवस दिसला पाहिजे." आणि त्यांनी माझ्या टेबलावरचं प्रूफ ओढून मोठ्याने वाचूनच दाखवलं. 'त्या भीषण मथळ्याच्या खाली, जणू काही घडणारच नाही अशा निरागसपणे, चषकाच्या अंतिम सामन्याची बातमी बसली होती: मध्यंतरापर्यंत गोलशून्य बरोबरी.'

"सुंदर," मी म्हणाले. "पण अर्ध्याच सामन्याची बातमी का हो असेल?"

"तेव्हाची पत्रकारिता जरा संथ होती, मॅडम."

ते गेले. मी प्रूफ समोर ओढलं. हा परिच्छेद मी गेल्या गुरुवारीच वाचला होता. 'मथळ्याच्या खाली' नंतर एक स्वल्पविराम राहिला होता, तो मी घातला होता. शाई अजून हिरवी दिसत होती. म्हणजे स्वल्पविराम मला दिसला आणि वाक्य दिसलं नाही.

तो सामना मला आठवतो. आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता, तिथे सगळे जमले होते. दुसऱ्या सत्रात दोन गोल झाले आणि नऊच्या सुमारास रस्ताभर आरडाओरडा. रात्री दीडला छापलेल्या पेपरात अंतिम निकाल असायलाच हवा होता. मध्यंतरापर्यंतची बातमी फक्त अशाच अंकात असू शकते जो साडेआठला बंद झाला.

आणि असा अंक होता. डाक आवृत्ती. लांबच्या गावांना आगगाडीने जाणारा अंक रात्री साडेआठला बांधून लवकर छापायचे, तारखेशेजारी एक तारा घालून. शहराचा अंक दीडला, दोन तारे घालून. संप मिटल्याची खोटी बातमी जर डाक आवृत्तीतही असेल, तर ती रात्रपाळीवाल्याने दहानंतर बदलली हे होऊच शकत नाही.

प्रूफ घेऊन मी पुन्हा तळमजल्यावर निघाले.

५

"खंडात नेहमी शहराचाच अंक बांधतात," ग्रंथपाल म्हणाला. "असं मला शिकवलंय."

"बांधणीची जुनी वही काढ."

अर्ध्या तासाने सापडली. त्या तारखेपुढे बारीक अक्षरात नोंद होती: 'शहर अंक शिल्लक नाही. परत आलेला डाक अंक बांधला.' शहराचे सगळे अंक वकील आणि पोलीस घेऊन गेले असणार. न खपता परत आलेला एक अंक कुणीतरी प्रामाणिकपणे खंडात घातला, आणि सदतीस वर्षं तो तिथे बसून राहिला. आपल्या नामुष्कीचं पान उघडून कोण बघतो?

"म्हणजे जाहिरातवाल्या बाईच्या वडिलांनी काही केलं नव्हतं," ग्रंथपाल सावकाश म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी."

"संन्यासी अगदीच नाहीत. पान पुढे त्यांनीच दिलं. पण बातमी त्यांनी बदलली नव्हती."

"मग खंड नेला कुणी? साहेबांनी?"

मी खुर्ची ओढून बसले. उभ्याने विचार करायचं वय गेलं.

"बघ. मुलीने नेला असता तर एव्हाना तो अंक तिने प्रत्येक टेबलावर आपटला असता. तिला पुरावाच हवाय. प्राध्यापकांना ते पान काय सांगतंय ते कळलं असतं, तर मध्यंतराचं वाक्य त्यांनी पुस्तकात ठेवलं नसतं. आणि कळलेलं नाही, तर खंड चोरायचं कारण नाही. साहेब सहा वर्षांपूर्वी आले, तू नऊ. डाक आवृत्ती बंद होऊन वीस वर्षं झाली. मध्यंतराचा स्कोअर वाचून त्याचा अर्थ लावणारी माणसं या इमारतीत आता किती उरलीत?"

तो बोटांवर मोजायला लागला.

"दोन," मी म्हणाले. "त्यातली एक मी. गुरुवारी ते वाक्य मला कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना मध्येच थांबले, पाणी प्याले, आज कंबर फार दुखते म्हणाले आणि प्रकरण अर्धं टाकून उठले. मला वाटलं, वय झालं."

"पण ते... त्या पट्ट्या?"

"पट्ट्या प्रदर्शनाच्या टेबलावरच्या. त्या कुणीही उचलेल. पण त्या बसवल्या कशा होत्या ते आठव. खिळ्यांचं पान बांधताना रिकाम्या जागा लाकडाने अशाच भरायचे, जाड मध्ये, बारीक कडेला. पान उचललं तर एक खिळा खाली पडता कामा नये. दुसऱ्या कुणी चोरी केली असती तर फट सोडून पळाला असता."

ग्रंथपालाने कपाळाला हात लावला. माझ्यासमोर रोज तीन वाजता येऊन बसणारा माणूस मी इमारतभर शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खोटी बातमी साडेआठच्या आधीच पानावर गेली, म्हणजे चूक संध्याकाळच्या पाळीतली. हे मला त्या क्षणी कळलं होतं. त्याच्या पुढचं पाऊल मी टाकलं नाही.

६

त्याच संध्याकाळी काकांच्या सुनेने दार उघडलं. काका आतल्या खोलीत खाटेवर बसले होते, आणि खंड टेबलावर होता, टॉवेलखाली. लपवलाही नव्हता धड.

"ये, पोरी," ते म्हणाले. "काल आलो नाही तेव्हाच वाटलं, तू येणार."

पोरी. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलाय, पण त्यांच्यासाठी मी अजून पोरीच. शिशाची उलटी अक्षरं वाचायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

मी टॉवेल काढला आणि पान उघडलं. तारखेशेजारी एकच तारा. वर संप मिटला. खाली मध्यंतरापर्यंत गोलशून्य.

"कसा आणलात?"

"पिशवीत तिरका घालून. वर उशी. पहारेकऱ्याने दार धरलं माझ्यासाठी."

"आणि ही बातमी?"

ते गुडघे चोळायला लागले. "बोलणी दुपारपासून चालू होती. काय होईल सांगता येत नव्हतं, म्हणून दोन्ही बातम्या आधीच जुळवून ठेवल्या होत्या. मिटला, आणि सुरूच. खिळ्यांनी भरलेल्या दोन गॅल्या, शेजारी शेजारी, सारख्या लांबीच्या. सातला वरून चिठ्ठी आली, सुरूच लावा. चिठ्ठी बरोबर होती. हात चुकला."

"म्हणजे चौकशीत तुम्ही सांगितलंत, की डाकेत बरोबर बातमी होती?"

"सांगितलं. डाकेचा अंक इथे कुणी पाहिलाच नव्हता. विचारायला कोण जाणार होतं दोनशे मैलांवर?"

"एका माणसाचं आयुष्य गेलं, काका."

"माहीत आहे मला." आवाज चढला नाही. "घरात चार तोंडं होती. ते अर्धं कारण. उरलेलं अर्धं तुला ऐकायचंय का?"

मला ऐकायचं नव्हतं. तरी मी हो म्हणाले.

"मी पान बांधलं. प्रूफ काढलं. ते प्रूफ गेलं कुणाकडे? पहिलं पान त्या दिवशी कुणी वाचलं? सही कुणाची होती खाली?"

पंखा फिरत होता. आत सून भांडी लावत होती.

आठ पानं असायची तेव्हा. पहिलं मला पहिल्यांदाच दिलं होतं, म्हणून मी ते फार जपून वाचलं. दोन्ही गॅल्या दुपारीच तपासल्या होत्या, त्यामुळे ओळी ओळखीच्या होत्या. एक काना इकडचा तिकडे नव्हता. चिठ्ठी टेबलावर, टाचणीला लावलेली; मी ती पाहिलीही असेल. अक्षरं मी वाचली आणि बातमी वाचली नाही. तेवीस वर्षांच्या मला शाबासकी हवी होती, आणि ती मिळाली: पान स्वच्छ आहे, असं याच माणसाने मला सांगितलं आणि मी घरी गेले.

"प्रूफ मी दुसऱ्या दिवशी जाळलं," काका म्हणाले. "तू नवी होतीस. तुझं काय राहिलं असतं? आणि आता नवव्या प्रकरणात चौकट आहे तुझ्यावर. यांच्या नजरेतून चूक सुटली नाही, असं लिहिलंय. मीच वाचून दाखवली ना तुला? समारंभात शाल आहे. मी काय, आज आहे उद्या नाही. म्हटलं, तुझं तरी नीट पार पडू दे."

"मला विचारलं होतं का तुम्ही?" मी इतक्या वर्षांत त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. "त्या माणसाने सदतीस वर्षं दार लावून काढली, आणि ते माझ्या भल्यासाठी?"

"अर्धं," ते म्हणाले. "अर्धं माझ्या."

मला राग आला होता आणि रडूही. दोन्ही नीट येईना. दमायला झालं होतं.

"पान फाडून टाकायचं होतं," मी शेवटी म्हणाले. "खंड कशाला नेलात? कुणाला कळलं नसतं."

त्यांनी पानावर हात ठेवला. "रोज सकाळी फाडायचंच असं ठरवत होतो. छापलेल्या पानाला हात होईना."

७

गुरुवारी मी वाक्य नव्याने लिहिलं. चार ओळी झाल्या. दोन जुळवलेल्या बातम्यांतली चुकीची बातमी फोरमनने पानावर बसवली, त्यांचं नाव. ते प्रूफ वाचून संध्याकाळच्या मुद्रितशोधकाने सही केली, माझं नाव. रात्रपाळीच्या उपसंपादकांना पान तसंच मिळालं होतं आणि त्यांना काढून टाकणं हा अन्याय होता. काकांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि मग, "माझ्या नावात दुसरं अक्षर दीर्घ."

संपादकांनी दोनदा वाचलं. "बाई, नावं कशाला? संध्याकाळच्या पाळीत चूक झाली, एवढं पुरे."

"त्यांचं नाव आडनावासकट होतं."

"मालक विचारतील मला."

"खंड दाखवा त्यांना. एक तारा आहे म्हणावं. आणि ती नवव्या प्रकरणातली चौकट काढा, तिथे छपाईयंत्राचं चित्र टाका. यंत्राने निदान स्वतःहून काही केलं नव्हतं."

ते हसले नाहीत. पेन काढून कोपऱ्यात 'मंजूर' लिहिलं आणि कपाळ दाबत बसले.

शनिवारी सकाळी नवं प्रूफ घेऊन मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीशी खाट. तिचे वडील उशीला टेकून बसले होते. अंगात काही उरलेलं नव्हतं, दाढी मात्र केलेली. मुलीने ओळख करून दिली. मी म्हणाले, संध्याकाळच्या पाळीची मुद्रितशोधक मीच होते, आणि मग दुसरं काही सुचेना, म्हणून सरळ प्रूफ वाचायला घेतलं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. 'अन्याय' या शब्दाशी तिचा हुंदका फुटला, त्यांचा नाही.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले. मी वाचलं.

"मीही वाचायला हवं होतं," ते म्हणाले. "पान असंच मिळालं, खरं आहे. पण दहाला आलो, सामन्याचा निकाल बदलला आणि वरची बातमी न विचारता पुढे दिली. तेही घाला."

मी समासात लिहून घेतलं. क्षमा मागायची तयारी करून आले होते, ती मागितली. त्यांनी हात हलवला, होकाराचा की पुरे म्हणून, ते मला कळलं नाही.

"त्या दोघांची नावं आहेत का त्यात?" त्यांनी विचारलं.

कुठले दोघं, हे समजायला मला क्षणभर लागलं, आणि त्या क्षणाची लाज मला अजून वाटते. सहाशे पानांत प्रत्येक संपादक होता, प्रत्येक मालक, प्रत्येक छपाईयंत्र, प्रत्येक इमारतीचा पत्ता. फाटकावर मेलेली दोन माणसं 'दोन कामगार' एवढीच होती.

"नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी नावं सांगितली. वडिलांच्या नावासकट, वयासकट. एक सव्वीस वर्षांचा, चार नंबरच्या क्रेनवरचा. दुसऱ्याला निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिलेली. कागद नाही, काही नाही. रोज म्हटल्यासारखं पाठ.

"पुस्तक त्यांच्या घरी जाणार आहे का?"

"यादीत नाहीत ते," मुलगी हळूच म्हणाली.

"मी नेऊन देईन," मी म्हणाले. "हातात आलं की त्याच दिवशी. घरं माहीत आहेत तुम्हाला?"

"पाय चालत होते तोवर दर वर्षी जायचो." ते थोडा वेळ दम घेत राहिले. "मोठ्याच्या घरी आता कुणी नाही. लहानाचा भाऊ आहे. फाटकाच्या डावीकडची गल्ली, तिसरं दार. जोरात वाजवा, त्याला कमी ऐकू येतं."